शनिवारचा मेक्सिकन खिमा

टोलर वेल्स, टेक्सास
२१ जानेवारी २०१२

केंड्रा,

पाकिटावरचं अक्षर बघून बुचकळ्यात पडली असशील. माझं अक्षर तू शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सहीपुरतंच पाहिलंयस. पत्रं लिहिणं, वाढदिवसाची कार्डं धाडणं, फोन करणं हे सगळं तुझ्या आईचं खातं होतं. आता ती नाही, तेव्हा मलाच पेन धरावं लागतंय.

आधी कामाचं. तिचं शिलाई मशीन आणि रजयांच्या तुकड्यांच्या तीन पेट्या आहेत. चर्चच्या बायकांचा त्यावर डोळा आहे, विशेषतः व्हर्नाचा. तुला हवं असेल तर कळव. तू काही कळवीपर्यंत मी कुणाला हात लावू देणार नाही.

दुसरी गोष्ट. दफनाच्या दिवशी तू अगदी शेवटच्या बाकावर बसलीस. पोटची एकुलती एक मुलगी, आणि बसली कुठं, तर जिथं उशिरा येणारे बसतात तिथं. नंतर हॉलमध्ये जेवण होतं, त्यालाही थांबली नाहीस. बायकांनी इतकं करून आणलं होतं. सगळे मला विचारत होते, आणि मी सांगत होतो की लांबचा रस्ता आहे, तिच्या नवऱ्याला, रूबेनला, कामावर जायचंय. एकाचाही विश्वास बसला नाही. नऊ वर्षं तू या गावात पाऊल टाकलं नाहीस हे इथल्या पेट्रोल पंपावरच्या पोरालाही ठाऊक आहे.

आणि जाताना कबरीपाशी तू मला एवढंच म्हणालीस, "तुम्ही एकदा फोन करायचा होता, डॅडी."

ते वाक्य गेले बारा दिवस माझ्या डोक्यात बसलंय. मी गाडीत उत्तर देतो, न्हाणीघरात उत्तर देतो. अगं, या घरात मी फोन कधी केलाय? तुला माहीत नाही का? तू कॉलेजात असताना दर रविवारी नंबर फिरवायची ती, बोलायची ती, आणि मी खुर्चीतून ओरडायचो, "तिला म्हणावं, गाडीतलं ऑइल तपासलंस का?" मग ती तुला विचारायची आणि तुझं उत्तर मला सांगायची. आपलं असंच चालायचं. अडतीस वर्षं मी या तालुक्यातल्या घराघरांत गॅसचा टँकर नेला, काटे वाचले, झडपा उघडल्या, बंद केल्या. फोन हे माझं काम नव्हतं.

सगळं फार पटकन झालं. डॉक्टर एप्रिलपर्यंत म्हणाले होते. कुणाला कळवायला वेळच मिळाला नाही.

घरात अकरा भांडी आली होती, झाकलेली, खाली चिकटपट्टीवर नावं लिहिलेली. नूडल्स, कोंबडी, बटाटे, पुन्हा कोंबडी. दुखवट्याच्या घरात चूल पेटू द्यायची नाही हा आपल्याकडचा रिवाज तुला ठाऊक आहे. ती सगळी भांडी मी घासून, नावं वाचून, ज्याची त्याला नेऊन दिली. तीन बायका विधवा आहेत. त्यांनी मला आत बसायला बोलावलं, पण मी दारातूनच परतलो.

मशीनचं कळव.

तुझा बाप,
डेल्मर प्रूइट


५ फेब्रुवारी

केंड्रा,

तुझं उत्तर नाही. मशीन जागेवर आहे.

काल मी मेक्सिकन खिमा केला. हसू नकोस. तुझ्या आईचाच, काचेच्या लांबट भांड्यातला, वर मक्याचा पाव. तू आठ वर्षांची असताना वाढदिवसाला केक नको, हाच हवा म्हणून रडली होतीस आणि त्यावरच मेणबत्त्या लावल्या होत्या.

हा मला कसा येतो, विचारशील. तिनं शिकवला. नाकात प्राणवायूची नळी, अंगावर निळा झगा, स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायची आणि हुकूम सोडायची. मी म्हटलं, कागदावर लिहून दे, मी वाचून करीन. तर म्हणे, "कागद वाचून तू पंप दुरुस्त कर. हे बघून करायचं असतं." आधी एका कांद्याचे बारीक तुकडे. माझे तुकडे बघून ती म्हणाली, "डेल, आपल्याला हे माणसांना खायला घालायचंय, घोड्यांना नाही." मग बिडाच्या तव्यात गाईचा एक रतल खिमा, लाल रंग जाईस्तोवर. सुटलेली चरबी ओतून टाकायची, पण मोरीत नाही. ते मी पहिल्याच दिवशी केलं आणि मोरी तुंबली. तिला हसू आवरेना, हसता हसता खोकला आला, आणि खोकल्यानं ती निळी पडली. मी घाबरलो, तर हातानंच खूण करते, खिमा हलव, करपेल.

मग लाल तिखट, जिरं, लसूण, डब्यातले टोमॅटो, काळा घेवडा, मक्याचे दाणे. घट्ट झालं की काचेच्या भांड्यात पसरायचं आणि चीज किसून घालायचं. वरचा पाव म्हणजे मक्याच्या पिठाचा तयार खोका. त्यात एक अंडं, थोडं दूध, आणि गुठळ्या राहिल्या तरी जास्त ढवळायचं नाही. मी ढवळत राहिलो. गॅसवाल्या माणसाला गुठळी बघवत नाही. पाव विटेसारखा झाला. पुढच्या वेळी तिनं माझ्या हातातून चमचाच काढून घेतला. ओव्हनमध्ये चारशे अंशांवर पंचवीस मिनिटं, आणि काडी खुपसून बघायची.

"तुला हे शिकायलाच हवं, नाहीतर मी गेल्यावर उपाशी मरशील," असं ती म्हणायची. म्हणून शिकलो.

एक गोष्ट नवीन होती. खिम्यात ती दोन हिरव्या मिरच्या घालायला लावायची, विस्तवावर भाजून, साल काढून. मी म्हटलं, हे कधीपासून? आपल्या चर्चच्या पाककृतींच्या पुस्तकात तर नाही. ती म्हणाली, "रूबेनच्या आईनं सांगितलंय."

मी मिरच्या भाजायला घेतल्या. पण आता लिहायला बसलोय तर तेही लिहितो. त्या रविवारी तू रूबेनला आणि त्याच्या आईला, ओफेलियाबाईंना, जेवायला आणलंस. तुझ्या आईनं तीन दिवस विचार केला होता. पाहुणे मेक्सिकन आहेत, तर त्यांच्याकडचंच काहीतरी करूया, बरं वाटेल त्यांना. केलं काय, तर हाच खिमा! आम्हाला काय माहीत? आम्हाला वाटत होतं की मेक्सिकोत घरोघरी हेच शिजतं. ओफेलियाबाईंनी एक घास घेतला, भांड्याकडे निरखून पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "अहो, हे मेक्सिकोत कुठं करतात? मी तर जन्मात पाहिलं नाही!"

माझं डोकं फिरलं. तुझी आई चर्चमधून आल्यापासून त्या ओट्याशी उभी होती. मी उठलो आणि म्हणालो, "आमच्या घरात हेच खातात. पटत नसेल तर ज्या रस्त्यानं आलात तो बाहेरच आहे." तू म्हणालीस, माफी मागा. मी म्हटलं, माझ्याच घरात? मग तुम्ही तिघंही उठलात. पुढच्या आठवड्यात तू कोर्टात जाऊन लग्न केलंस, तेही आम्हाला व्हर्नाकडून कळलं.

मी तुझ्या आईची बाजू घेतली होती. आजवर मी तेच म्हणत आलो.

नोव्हेंबरात खिमा हलवता हलवता ती मला म्हणाली, "ती बाई पुढं काय म्हणत होती ऐकलंस का तू? म्हणत होती, पण लागतंय छान, फक्त मका गोड आहे, भाजलेली मिरची घातली तर गोडवा तुटेल. आमचं ते बोलणं चाललं होतं, डेल. माझा कुणी अपमान केला नव्हता. मध्ये तूच तोंड उघडलंस."

मिरची घालून खरंच चांगला लागतो. रूबेनच्या आईला सांगितलंस तरी चालेल.

डेल्मर प्रूइट


१९ फेब्रुवारी

केंड्रा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्याच्या आधीच्यातही.

मी उपाशी मरेन म्हणून तिनं मला तो खिमा शिकवला नाही. मला अंडी तळता येतात, कोपऱ्यावर खानावळ आहे, मी मेलो नसतो. तो खिमा तुझ्यासाठी होता.

आणि वेळ मिळाला नाही हेही खरं नाही. ऑक्टोबरच्या अठरा तारखेला डॉक्टरांनी सांगितलं. घरी येताना ती गाडीत म्हणाली, "केंड्राला फोन कर." मी म्हटलं, तू कर. तर म्हणाली, "नाही. ज्या घरातून तिला रस्ता दाखवला त्या घरातून मी तिला फोन करणार नाही, हे मी तुला नऊ वर्षांपूर्वीच सांगितलंय. तिला तू घालवलंस. तिला तूच बोलाव." तिनं ते पाळलं होतं, बरं का. त्या रविवारनंतर माझ्यासमोर तिनं तुझा नंबर कधी फिरवला नाही. नाताळात तुझं कार्ड यायचं ते टेबलावर ठेवायची आणि मी वाचतो की नाही हे लांबून बघायची. ती झोपली की मी वाचायचो.

महिनाभर मी करतो, करतो म्हणत राहिलो. शेवटी नोव्हेंबरच्या मध्यावर तिनं बिनवायरचा फोन माझ्या हातात ठेवला आणि नंबर लिहिलेला कागद वर ठेवला. मी गॅरेजमध्ये गेलो, पिकअपमध्ये बसलो, दार लावून घेतलं. सहा आकडे दाबले. पुढचे दाबवेनात. काय बोलायचं? "मी चुकलो" हे दोन शब्द मी आयुष्यात कुणाला म्हटले नाहीत, माझ्या बापालाही नाहीत. आणि मनात दुसरंही होतं, तेही सांगून टाकतो. मला वाटत होतं, केंड्रानं का करू नये? मुलगी आहे ना? नऊ वर्षांत हिला बापाचा आवाज एकदाही ऐकावासा वाटला नाही? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला मी.

वीस मिनिटांनी आत गेलो. ती ओट्याला धरून उभी होती. इतक्या आशेनं बघत होती, केंड्रा, की नाही म्हणवेना.

मी म्हणालो, "येतेय. शनिवारी येतेय."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "मग तिचा खिमा करायला हवा. माझ्यानं आता उभं राहवत नाही, तूच शीक."

असे सात शनिवार झाले. दर शनिवारी सकाळी मी बाजारात जाऊन खिमा आणायचो, मक्याच्या पिठाचा खोका आणायचो. दुपारी ती खुर्चीत बसून मला शिकवायची. ओठांना लाली लावायची. मला चार ताटं मांडायला लावायची, तुझं, रूबेनचं आणि आमची दोन. मग आम्ही वाट बघायचो. तिला खरोखर वाट बघायची होती आणि मला नुसतं तसं दाखवायचं होतं. पाच वाजता मी गॅरेजमध्ये जायचो, थोडा वेळ तिथं उभा राहायचो आणि परत येऊन काहीतरी सांगायचो. पहिल्या शनिवारी सांगितलं, न्यू मेक्सिकोत बर्फ पडलंय, रस्ता बंद आहे. दुसऱ्या शनिवारी रूबेनची सुट्टी रद्द झाली. तिसऱ्याला गाडी बिघडली. मला स्वतःचंच आश्चर्य वाटायचं. अडतीस वर्षांत एका गिऱ्हाइकाला काट्यात फसवलं नाही, आणि मरणाऱ्या बायकोला दर आठवड्याला थापा मारत होतो.

ती कधी चिडली नाही. "अजून वेळ आहे," म्हणायची, "पुढच्या शनिवारी." आणि दोन ताटं उचलून ठेवायला लावायची.

हे तुला कळायला हवं होतं, म्हणून लिहिलं. तुझ्या आईनं तुला बोलावलं होतं. निरोप माझ्याकडे अडकला.

डेल्मर


४ मार्च

केंड्रा,

तू उत्तर देणार नाहीस असं वाटतंय. देऊही नकोस. पण अर्धं सांगून मला झोप लागत नाही.

सातवा शनिवार म्हणजे एकतीस डिसेंबर. ती अंथरुणातून उठलीच नाही. मी म्हटलं, आज राहू दे. तर म्हणाली, "नाही, आज तू एकट्यानं कर. मला इथून वास येतो, चुकलास तर ओरडेन." मी केला. कांदा बारीक चिरला, मिरच्या भाजल्या, हात पोळला. पावाच्या पिठातल्या गुठळ्या बघितल्या आणि चमचा खाली ठेवला. वरून तांबूस झाला, कडा सुटल्या. केंड्रा, तो खिमा तिच्या हातच्यासारखा झाला होता. आयुष्यात मी इतकं नीटस काही केलं नाही.

ताटलीत घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं अर्धा चमचा खाल्ला. तिच्या पोटात आठवडाभर तेवढंच गेलं. बराच वेळ जिभेवर घोळवला. मग म्हणाली, "जमलं तुला." मी पलंगाच्या कडेला बसलो होतो. तिनं माझी पोळलेली बोटं हातात घेतली आणि म्हणाली, "आता तिला सांग."

मी म्हटलं, "सांगतो."

पाच वाजता गॅरेजमध्ये गेलो. त्या दिवशी फोन बरोबर नेला होता, खरं सांगतो. पिकअपमध्ये बसून नंबर लावला, पूर्ण दहा आकडे. पहिली घंटा वाजली आणि मी फोनच पूर्ण बंद करून सीटवर टाकला. आत येऊन म्हणालो, "रूबेनला ताप आलाय. पुढच्या शनिवारी येतील."

ती भिंतीकडे वळली. "बरं," म्हणाली.

त्यानंतर ती फारशी बोलली नाही. गुरुवारी सकाळी मी कॉफी घेऊन गेलो तर ती गेली होती. डॉक्टरांनी सांगितलेला एप्रिल राहिला तिथंच. व्हर्ना आली, तिनंच तुला फोन केला. मी बाजूच्या खुर्चीत बसून होतो आणि तेव्हाही मी तिच्या हातून फोन घेतला नाही.

तिला वाटत गेलं असेल की आपली मुलगी सात वेळा येते म्हणाली आणि सात वेळा आली नाही. ही समजूत मी तिच्या मनात घातली. देवानं माझं काय करायचं ते करावं. मला तिची माफी मागायची होती आणि ती आता कशी मागू ते मला कळत नाही. मी दिवसभर घरात फिरतो आणि रडतो. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून टीव्ही मोठा करतो. या वयात हे तुला लिहायला मला लाजही वाटत नाही.

मशीन तुझ्याकडे पाठवण्याची व्यवस्था केली आहे.

तुझा बाप


टूसॉन, ॲरिझोना
१२ मार्च

डॅडी,

तुमची चारही पत्रं मिळाली. पहिली दोन वाचून मी रागानं खणात टाकली. तिसरं वाचून खाली बसले. चौथं आल्यावर रूबेन म्हणाला, त्यांना आता खरं सांग, नाहीतर तो माणूस कुढून कुढून मरेल.

आईनं मला ऑक्टोबरच्या एकोणीस तारखेलाच फोन केला होता. त्याआधीही करायची, नऊ वर्षं, तुम्ही घरात नसाल तेव्हा. "तुझ्या बापाला मी सांगितलंय की मी फोन करणार नाही. त्याला असंच वाटू दे, म्हणजे कधीतरी स्वतः करेल," असं म्हणायची आणि हसायची.

आजाराचं कळलं तेव्हा मी लगेच निघत होते. तीच नको म्हणाली. "डॉक्टर वसंतापर्यंत म्हणतायत, वेळ आहे. तू अशीच आलीस तर तो कोपऱ्यात बसेल, तू दुसऱ्या कोपऱ्यात बसशील, आणि मी गेल्यावर तुम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघणार नाही. त्यानं बोलावलं की ये." आणि मीही म्हटलं, ठीक आहे. डॅडींनी बोलावलं की मी बारा तासांत दारात उभी राहीन. ज्या घरातून माझ्या सासूला जेवता जेवता उठवलं, तिथं मी न बोलावता जाणार नाही. हे मी बोलले. खाण तशी माती.

दर शनिवारी सकाळी तुम्ही बाजारात गेलात की तिचा फोन यायचा. बर्फाचं, सुट्टीचं, बिघडलेल्या गाडीचं, तुमच्या सगळ्या थापा ती मला सांगायची. "मागच्या शनिवारी म्हणे तुमची गाडी बंद पडली," आणि दोघी हसायचो. देवा, आम्ही हसायचो! मला राग यायचा, पण ती म्हणायची, "अगं, तो कांदा चिरायला शिकलाय. पन्नास वर्षांत ज्यानं ताट उचललं नाही, तो तुझ्यासाठी मिरच्या सोलतोय. आता फार दिवस लागणार नाहीत."

तिला वाटत नव्हतं की मी येते म्हणून आले नाही. तिला सगळं ठाऊक होतं. एवढं तरी मनातून काढून टाका.

त्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी आमचा फोन एकदा वाजला आणि बंद झाला. मी नंबर पाहिला. तुमच्या घरचा होता. तिनंच केला असं वाटून मी उलट फोन लावला. तुम्ही अजून गॅरेजमध्येच असाल. तिनं पलंगाजवळचा फोन उचलला. आवाज अगदी बारीक होता. मी म्हटलं, "आई, पुरे झालं, मी उद्या निघते, कुणी बोलावलं नाही तरी चालेल." तर ती म्हणाली, "नको, नको. आज त्यानं एकट्यानं केला. आणि तुझा नंबरही त्यानंच लावला होता. अजून एक आठवडा दे त्याला. माझ्यासाठी दे."

मी दिला. डॅडी, मी तो आठवडा दिला. तिच्या आवाजावरून मला कळत होतं, तरी दिला, कारण मलाही तुमचाच फोन हवा होता. म्हणून सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर घेऊ नका. त्यातलं अर्धं माझं आहे आणि ते मलाच वाहू दे.

मशीन पाठवू नका.

केंड्रा


टोलर वेल्स
१८ मार्च

केंड्रा,

काल फोनवर जे झालं त्याबद्दल लिहितोय. तिथं जमलं नाही.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. वाचलं आणि आधी तिच्यावर भडकलो. एवढी हुशार बाई, आणि सगळा डाव लावला कुणावर, तर माझ्यावर. ओट्याशी जाऊन मोठ्यानं बोललो, "तुला माहीत होतं, नॅडीन, तर एकदा तोंडावर का फेकलं नाहीस?" पण फेकलं असतं तर मी चिडून महिनाभर बोललो नसतो, हे तिला पन्नास वर्षांच्या संसारात कळलं होतं. म्हणून खिमा हलवत बसवलं मला. स्वतःचे उरलेसुरले शनिवार तिनं मला एक वाक्य बोलता यावं म्हणून खर्च केले, आणि मला ते आलं नाही.

तिला ठाऊक होतं याचं मला बरं वाटायला हवं. तू त्यासाठीच लिहिलंस, कळलं मला. पण मी आत येऊन सांगायचो, रूबेनला ताप आलाय, आणि तिच्या डोळ्यांत जे दिसायचं ते तुझ्याबद्दल नव्हतं. ते माझ्याबद्दल होतं. हे आता कळलं आणि ते सहन होत नाही.

तर काल शनिवार. सकाळी आंघोळ केली, स्वच्छ सदरा घातला, फोनपाशी बसलो. गॅरेजमध्ये गेलो नाही. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. दहा आकडे दाबले. तू उचललास. "हॅलो," म्हणालीस, आणि मग हळूच, "डॅडी?"

नऊ वर्षांनी तुझ्या तोंडून तो शब्द फोनवर ऐकला आणि माझं सगळं भान गेलं. कागद हातातच राहिला. तोंडातून निघालं, "थांब हं, आईला देतो." आणि मी खरोखर वळलो, केंड्रा. फोन पुढं करून स्वयंपाकघराकडे वळलो आणि हाकही मारली तिला.

पुढं किती वेळ गेला ठाऊक नाही. फोन पुन्हा कानाला लावला तेव्हा तू रडत होतीस. मला बोलता येईना, तुला बोलता येईना. तू ठेवला नाहीस, मीही ठेवला नाही. शेवटी तिकडून रूबेननं तुझ्या हातून घेतला असावा, कारण त्याचा आवाज आला, "मिस्टर प्रूइट, आम्ही आहोत इथं, बरं का. पुन्हा करा." भला मुलगा आहे. त्याला मी त्या दिवशी रस्ता दाखवला होता.

कागदावर जे होतं ते खाली उतरवतो, जसंच्या तसं.

केंड्रा, त्या रविवारी मी चुकलो. रूबेनची आणि त्याच्या आईची माफी मागायची आहे, ती समोर उभं राहून मागेन. तुझ्या आईच्या कबरीवर अजून दगड बसलेला नाही. त्यावर काय कोरायचं हे मला एकट्याला ठरवता येत नाही. तू घरी ये. रूबेनला घेऊन ये, ओफेलियाबाईंना घेऊन ये. कधी येशील ते तू ठरव, मी कुठं जात नाही.

कागदावर एवढंच होतं. खालचं आत्ताचं आहे. तुला नाही यावंसं वाटलं तर येऊ नकोस. मी रागावणार नाही, तो हक्क मी घालवलाय. पण डॅडींनी बोलावलं नव्हतं, असं मात्र आता म्हणू नकोस.

तुझा बाप